बीएमपी-२ची पहिली व्हायल उघडण्यापूर्वी

व्हायल हातात आली की पहिल्यांदा वाटते, आत काहीच नाही. उजेडात धरली तर तळाशी एखादा पांढुरका पापुद्रा दिसला तर दिसतो. १० मायक्रोग्रॅम बीएमपी-२, म्हणजे हाड घडवणारे प्रथिन, डोळ्यांत भरेल एवढे नसतेच. पण त्याच पापुद्र्यावर तुमचे पुढचे तीन-चार आठवडे अवलंबून असतात, आणि प्रयोगशाळेच्या ग्रँटमधली बरीच रक्कमही.

माझी पहिली व्हायल मी पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट असलेल्या उदासीन खारट द्रावणात, विरघळवली होती. तोवर हाताळलेली सगळी प्रथिने पीबीएसमध्येच विरघळवली होती, म्हणून हेही तसेच असणार असे धरून चाललो. द्रावण किंचित गढूळ दिसले, तिकडे दुर्लक्ष केले. पेशी छान वाढल्या, मीडियम (पेशींचे पोषक द्रव) वेळेवर बदलला, आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडाच्या पेशींची खूण असलेले एन्झाइम मोजले तर बीएमपी दिलेले आणि न दिलेले वेल (प्लेटमधल्या लहान वाट्या) अगदी सारखे. महिनाभर मी पेशींनाच दोष देत होतो. शेवटी गाईडनी एकच विचारले, "कशात विरघळवलंस?" आणि माझ्या तोंडून उत्तर निघायच्या आधीच मला ते कळले.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला जे हे प्रथिन पहिल्यांदा हाताळणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. या प्रथिनाचे फसलेले प्रयोग बहुतेक वेळा पेशींपर्यंत पोचण्याआधीच, पहिल्या अर्ध्या तासात फसलेले असतात. म्हणून त्या अर्ध्या तासावर इथे सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

आधी ओळख

बीएमपी म्हणजे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हाड घडवणारे प्रथिन. लॉस एंजेलिसमधले अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली आम्लाने खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, आणि जिथे हाडाचा काही संबंध नाही अशा त्या जागी नवे हाड तयार झाले. हाडाच्या सेंद्रिय भागात काहीतरी आहे, जे आसपासच्या पेशींना 'हाड व्हा' असे सांगते, हे त्यातून उघड झाले. ते 'काहीतरी' वेगळे काढायला मात्र बरीच वर्षे गेली. १९८१मध्ये भारतातून अमेरिकेत गेलेले संपत आणि हरी रेड्डी यांनी ४ मोलर ग्वानिडीनने तो अर्क काढून दाखवला. त्यांच्या प्रयोगात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. अर्क काढून घेतल्यावर मागे राहिलेला चोथा एकटा ठेवला तर हाड होत नाही, अर्क त्या चोथ्यात परत मिसळून ठेवला की होते. म्हणजे संदेश देणारे प्रथिन लागते आणि त्याला धरून ठेवणारी बैठकही लागते. पुढे स्पंजाकडे येऊ तेव्हा हे आठवा.

हाडात या प्रथिनाचे प्रमाण इतके कमी असते की किलोभर हाडातून हाती लागते ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. त्यामुळे जनुक हाती येईपर्यंत काम रखडलेच होते. १९८८मध्ये अमेरिकेतल्या जेनेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये जॉन वोझनी आणि सहकाऱ्यांनी बीएमपींची जनुके क्लोन केली आणि रिकॉम्बिनंट प्रथिन बनवण्याची वाट मोकळी झाली. तुमच्या व्हायलवरच्या 'आरएच' या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच, की ते माणसाच्या जनुकावरून दुसऱ्या पेशीत बनवून घेतलेले आहे.

रचनेतली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे जोडप्रथिन आहे. परिपक्व साखळी ११४ अमिनो आम्लांची. प्रत्येक साखळीत सिस्टीन नावाची सात अमिनो आम्ले असतात. त्यातली सहा आपापसांत बंध करून एक घट्ट गाठ बांधतात आणि सातवी जोडीदार साखळीला धरते. ती पकड सुटली की जोडी फुटते आणि काम थांबते. म्हणून डीटीटी किंवा बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ही असे बंध तोडणारी रसायने या प्रथिनाच्या जवळपासही नकोत. जेलवर रिड्यूस न करता, म्हणजे ते बंध न तोडता, चालवले तर बॅकटेरियात बनवलेली जोडी २६ किलोडाल्टनच्या आसपास दिसते, रिड्यूस केल्यावर निम्म्यावर येते. नव्या लॉटची शंका आली तर ही साधी तपासणी करून बघा.

ऑर्डर देण्याआधी

माहितीपत्रकावर पहिल्यांदा बघायचे ते प्रथिन कुठे बनवले आहे. दोनच मुख्य प्रकार आहेत. एक चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींतला, म्हणजे सीएचओचा. दुसरा ई. कोलायचा. सीएचओमध्ये प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढतात आणि घडी पेशीच घालून देते. ई. कोलायला हे जमत नाही. त्याच्या आत प्रथिनाचे गोळे साचतात, ते तीव्र द्रावकात उलगडून नंतर नळीत पुन्हा घडी घालावी लागते. ई. कोलायचे स्वस्त पडते आणि बरोबर घडी घातलेले असेल तर कामही चांगले करते. पण ते उदासीन पीएचला फार कमी विरघळते, आणि पेशींवर तोच परिणाम मिळवायला अनेकदा जास्त मात्रा लागते. माझी ती गढूळ व्हायल याच जातीची होती.

मी नवख्यांना सांगतो, पहिला प्रयोग सीएचओच्या लहान व्हायलवर करा. पद्धत हातात बसली की ई. कोलायकडे वळा. पहिल्याच दिवशी दोन अडचणी अंगावर घेऊ नका. मात्र एकदा एका जातीवर प्रबंधातले काम सुरू केले की मध्येच दुसरी आणू नका. एका जातीचे ३०० नॅनोग्रॅम आणि दुसऱ्या जातीचे ३०० नॅनोग्रॅम यांचा परिणाम सारखाच असेल असे धरता येत नाही.

दुसरे, वाहक प्रथिन. काही व्हायलींत बीएसए म्हणजे गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन आधीच घातलेले असते. पेशींच्या कामाला ते सोयीचे. प्राण्यात घालायचे असेल, स्पंजावरून किती प्रथिन सुटते ते मोजायचे असेल किंवा प्रथिनाला रंग जोडायचा असेल, तर वाहकाविना असलेली व्हायल मागवा.

तिसरे, एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या आवरणातला हा अंश रोगप्रतिकारक पेशींना भडकवतो आणि हाडाच्या पेशींचे वागणेही बदलतो. आकडा प्रति मायक्रोग्रॅम दिलेला असतो, जितका कमी तितके बरे. आकडाच छापलेला नसेल तर ती व्हायल घेऊ नका.

एक सोय मात्र आहे. परिपक्व बीएमपी-२ची अमिनो आम्लांची साखळी माणूस, माऊस आणि रॅट यांत एकसारखीच आहे. त्यामुळे मानवी प्रथिन माऊसच्या पेशींना चालेल का, ही चिंता सोडा.

विरघळवण्याचा अर्धा तास

आधी द्रावण बनवून ठेवा. १०० मिलीलिटर चांगल्या पाण्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे ४०० मायक्रोलिटर टाकले की ४ मिलीमोलर आम्ल तयार होते. आम्ल पाण्यात टाकायचे, पाणी आम्लात नाही. त्यात ०.१ ग्रॅम बीएसए विरघळवा, म्हणजे ०.१ टक्के झाले. हे द्रावण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. गाळायचे ते आत्ताच. बीएमपी मिसळल्यावर गाळलेत तर बरेचसे प्रथिन फिल्टरलाच चिकटून बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आम्ल का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. हे प्रथिन आम्लात मोकळे राहते, उदासीन पीएचला एकमेकांना बिलगते आणि खाली बसते. बीएसए का, कारण बीएमपी-२ काच आणि प्लास्टिकला कमालीचे चिकटते. ट्यूबची भिंत बीएसएने आधीच भरून टाकली की बीएमपीला चिकटायला जागा उरत नाही. द्रावणात बीएमपी जितके विरळ, तितका चिकटून वाया जाणारा वाटा मोठा. म्हणून स्टॉक फार विरळ करू नका. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर ठीक, त्याच्या खाली साठवून ठेवू नका.

आता क्रम.

१. व्हायल फ्रीझरमधून काढून बंदच ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड व्हायल उघडली की हवेतला दमटपणा आत जाऊन थेंब धरतो. मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तर हे मिनिटभरात होते.

२. मायक्रोफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. वाहतुकीत पापुद्रा बहुधा झाकणाला जाऊन चिकटलेला असतो, आणि झाकणाबरोबर तुमचे प्रथिनही कचऱ्यात जाते.

३. हूडमध्ये, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटात, उघडा. १० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये १०० मायक्रोलिटर आम्ल-बीएसए हळूच भिंतीवरून सोडा. म्हणजे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर.

४. व्होर्टेक्स करू नका आणि पिपेटने फेस आणू नका. हवेचा आणि द्रवाचा जिथे संपर्क येतो तिथे प्रथिनाची घडी मोडते. व्हायल हातात धरून हलकेच फिरवा आणि १५ ते ३० मिनिटे तशीच राहू द्या. मी या वेळात लेबले लिहितो.

५. प्रथिन न चिकटणाऱ्या ट्यूबांमध्ये १०-१० मायक्रोलिटरचे अॅलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, करा. हिशेबाने दहा होतात, पिपेटच्या टिपांत राहून नऊच भरतील. प्रत्येकात १ मायक्रोग्रॅम. उणे ८० अंशांवर ठेवा.

६. एकदा वितळवलेला अॅलिकॉट पुन्हा गोठवायचा नाही, उरलेला टाकून द्यायचा. टाकताना जीव तुटतो, माझाही तुटतो. पण दोनदा गोठवलेल्या अॅलिकॉटवर काढलेला निकाल कुणापुढे छातीठोकपणे मांडता येत नाही.

व्हायलबरोबर आलेल्या पत्रकात वेगळे द्रावण सांगितले असेल तर ते पाळा. काही उत्पादक हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी आधी शुद्ध पाण्यात किंवा ॲसिटिक आम्लात विरघळवायला सांगतात. प्रत्येक लॉटची घडण आणि त्यातले क्षार वेगळे असू शकतात.

पेशींपुढे ठेवताना

पहिल्या परीक्षेला सी२सी१२ पेशी घ्या. या माऊसच्या स्नायूपूर्व पेशी. कमी सीरममध्ये (मीडियममध्ये घालायच्या रक्तद्रवात) ठेवल्या की एकमेकींना जुळून लांबट स्नायूतंतू बनवतात. बीएमपी-२ दिले की तो रस्ता सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. जपानच्या कातागिरी यांच्या गटाने १९९४ साली दाखवलेले हे वर्तन आजही प्रथिन जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण आहे. कुठलाही रंग न देता, साध्या मायक्रोस्कोपखाली फरक दिसतो: कंट्रोलमध्ये, म्हणजे बीएमपी न दिलेल्या वेलमध्ये, लांब तंतू, बीएमपीच्या वेलमध्ये तंतू नाहीत. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह आहे. पेशी अशाच नोंद असलेल्या संग्रहातून घ्या, शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेल्या, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा) कुणालाच माहीत नसलेल्या फ्लास्कमधून घेऊ नका. सी२सी१२ एकदा गच्च भरू दिल्या की त्या आधीच जुळायला लागतात आणि पुढे बीएमपीला नीट दाद देत नाहीत. ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

हिशेब असा. २४ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला अर्धा मिलीलिटर मीडियम. मात्रा ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. १० मायक्रोलिटरचा एक अॅलिकॉट ३.३ मिलीलिटर मीडियममध्ये मिसळला की जवळजवळ तेवढीच मात्रा होते आणि सहा वेल भरून थोडे उरते. आम्ल तीनशेहून अधिक पट विरळ होते, त्यामुळे मीडियमचा पीएच हलत नाही. तरीही कंट्रोलच्या वेलमध्ये नुसता मीडियम घालू नका. ३.३ मिलीलिटरला १० मायक्रोलिटर आम्ल-बीएसए घालूनच द्या, नाहीतर दिसलेला फरक बीएमपीचा की वाहकाचा, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. मिश्रण त्या त्या वेळी ताजे करा. मीडियममध्ये बनवून फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवलेले बीएमपी वापरू नका.

पेशी चिकटल्यावर दुसऱ्या दिवशी सीरम २ ते ५ टक्क्यांवर आणून बीएमपी द्या. तीन ते सहा दिवसांत अल्कलाइन फॉस्फटेज मोजता येते. त्याआधीच उत्तर हवे असेल तर सीरमविना ठेवलेल्या पेशींना बीएमपी देऊन ३० ते ६० मिनिटांनी फॉस्फो-स्मॅड १/५/९ची, म्हणजे बीएमपीचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनांची, वेस्टर्न (जेलवर वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) करा. पेशीवरच्या ग्राहीने (रिसेप्टरने) संदेश घेतला असेल तर इथेच पट्टी उठते. एका वेलमध्ये नॉगिन घाला. हे प्रथिन बीएमपीला पकडून ग्राहीपासून दूर ठेवते. नॉगिनने पट्टी विझली तर ती बीएमपीचीच होती.

अल्कलाइन फॉस्फटेजच्या बाबतीत दोन चुका मी वारंवार पाहतो. पेशी पीबीएसने धुतल्यावर त्याचा थोडा अंश मागे राहतो आणि त्यातला फॉस्फेट एन्झाइमला दाबतो, म्हणून शेवटचे धुणे सलाइनने किंवा ट्रिसने करा. आणि पेशी फोडायच्या बफरमध्ये ईडीटीए नको, कारण ते एन्झाइमला लागणारे झिंक आणि मॅग्नेशियम ओढून घेते. पीएनपीपी हे या एन्झाइमने फुटणारे रसायन घातल्यावर पिवळा रंग येतो, तो ४०५ नॅनोमीटरवर वाचा आणि आकडा एकूण प्रथिनाने किंवा डीएनएने भागा. भागले नाहीत तर तुम्ही फक्त कुठल्या वेलमध्ये पेशी जास्त होत्या एवढेच मोजलेले असते.

कॅल्शियमचे थर बघायचे असतील तर एमसी३टी३-ई१ या माऊसच्या हाडपूर्व पेशी घ्या, आणि त्यांचा सबक्लोन (उपवंश) ४. सबक्लोन २४ तितक्या नीट कॅल्शियम धरत नाही, तो मागवून बसू नका. एरवी वाढवताना ॲस्कॉर्बिक आम्ल नसलेला अल्फा-एमईएम हा मीडियम वापरा. प्रयोगात ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर ॲस्कॉर्बिक आम्ल आणि १० मिलीमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, तीन ते चार आठवडे. ग्लिसरोफॉस्फेट याच्या वर नेऊ नका. जास्त फॉस्फेट सुटले की कॅल्शियम आपोआप खाली बसते, ॲलिझारिन या कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाने ते छान लाल रंगते, आणि ज्याला हाड म्हणावे असे तिथे काहीच नसते. पेशी नसलेला एक वेल त्याच मीडियमात शेवटपर्यंत ठेवा. तो लाल झाला तर तुमच्या बाकीच्या लाल रंगावरही विश्वास ठेवू नका.

माणसाच्या अस्थिमज्जेतल्या स्ट्रोमल पेशी मात्र या सगळ्याला माऊसच्या पेशींसारखी सरळ दाद देत नाहीत. दात्यागणिक फरक पडतो. सी२सी१२वर प्रथिन चालले आणि मानवी पेशींवर थंड पडले, तर व्हायलला दोष देऊ नका.

स्पंज आणि मात्रेचा मोह

प्राण्यात बीएमपी नुसते टोचले तर ते जागेवर राहत नाही, पसरून जाते. इथेच संपत आणि रेड्डींची ती बैठक परत येते. सर्वांत वापरातली बैठक म्हणजे गाईच्या टाइप-१ कोलॅजनचा शोषक स्पंज. द्रावण पिपेटने सगळीकडे सारखे टाका आणि किमान १५ मिनिटे थांबा, म्हणजे प्रथिन कोलॅजनला बिलगते. चिमट्याने दाबून स्पंज पिळलात तर मात्रा चिमट्याखालच्या डबक्यात उरते. रॅटच्या कवटीत ८ मिलिमीटरचे छिद्र ही नेहमीची चाचणी, कारण त्या आकाराचे छिद्र आपोआप भरून येत नाही. भरले की नाही ते मायक्रो-सीटीवर मोजतात. भारतात हे काम करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सीसीएसईए या समितीच्या नियमांनुसार मंजुरी लागते. अर्जात प्राण्यांची संख्या का तेवढी, याचे संख्याशास्त्रीय कारण द्यावे लागते. म्हणून सी२सी१२ची मात्रा-प्रतिसाद आलेखाची चाचणी आधी पूर्ण करून ठेवा.

आता मात्रेबद्दल. नवखा संशोधक 'थोडे जास्तच घालू' असे म्हणतो तेव्हा त्याला मी दवाखान्यातली गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००२मध्ये कण्याच्या खालच्या भागातले दोन मणके समोरून जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोलॅजन स्पंजावरचे बीएमपी-२ मंजूर केले. तीव्रता १.५ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर, मोठ्या किटमध्ये १२ मिलीग्रॅम. किलोभर हाडातून निघणाऱ्या मायक्रोग्रॅमशी हे ताडून बघा. पुढे मंजुरी नसलेल्या जागीही ते सर्रास वापरले गेले. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर मानेला सूज येऊन श्वास आणि गिळणे अडल्याच्या तक्रारी आल्या, बहुतेक शस्त्रक्रियेनंतर २ ते १४ दिवसांत. जुलै २००८मध्ये एफडीएने इशारा दिला. २०११ साली 'द स्पाइन जर्नल'मध्ये जुन्या चाचण्यांचा फेरआढावा आला आणि दुष्परिणामांचा धोका मूळ लेखांत सांगितला होता त्याच्या १० ते ५० पट असल्याचा अंदाज मांडला गेला. हे वाचताना त्या रुग्णांचा विचार मनात येतोच.

याचे कारण प्रथिनाच्या स्वभावातच आहे. बीएमपी-२ हाड बनवणाऱ्या पेशींना हाक मारते तशी हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टनाही जागे करते, सूज आणते, आणि मात्रा फार वाढली की पोकळ, चरबीने भरलेले हाड तयार होते. मायक्रो-सीटीवर आकारमान वाढलेले दिसते, पण छेद घेऊन बघितला की ते हाड भक्कम नसते. म्हणून प्राण्यातल्या प्रयोगात फक्त आकारमान देऊन थांबू नका, हिस्टॉलॉजीही करा. रॅटच्या कवटीसाठी काही मायक्रोग्रॅम पुरतात. एकदम एका मात्रेवर उडी न मारता तीन तरी मात्रा ठेवा, आणि त्यातली सगळ्यात कमी तुम्हाला 'बहुधा पुरणार नाही' असे वाटेल अशी ठेवा. रॅटमधली मात्रा वजनाच्या पटीत वाढवून माणसाला लागू करता येत नाही. उंदीरवर्गापेक्षा माकडात आणि माणसात तीव्रताच जास्त लागते, हे आधीपासून माहीत आहे.

संशोधनासाठी घेतलेल्या व्हायलवर 'माणसावर वापरासाठी नाही' असे छापलेले असते. दंतशल्य किंवा अस्थिशल्य विभागातल्या मित्राने कितीही आग्रह केला तरी त्या व्हायलमधला थेंबही रुग्णासाठी द्यायचा नाही.

नोंदवही

प्रत्येक अॅलिकॉटच्या ट्यूबवर प्रथिन, तीव्रता, लॉट क्रमांक आणि गोठवल्याची तारीख. वहीत त्याशिवाय कुठली जात, कुठले द्रावण, कोणी विरघळवले, द्रावण स्वच्छ दिसले की गढूळ. हे शेवटचे मी माझ्या पहिल्या व्हायलच्या वेळी लिहिले असते तर तो महिना वाचला असता.

नवा लॉट आला की सी२सी१२ची ती सहा वेल पुन्हा लावा, शेजारी जुन्या लॉटचा अॅलिकॉट ठेवून. त्यासाठी जुन्या लॉटमधला एक अॅलिकॉट आधीच बाजूला काढा, त्यावर लाल मार्करने खूण करा, आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगून ठेवा की त्याला हात लावायचा नाही.